पाणी किती फुटांवर?

जुलैचा तिसरा आठवडा असतो. राधानगरी, गगनबावडा, दाजीपूर पट्ट्यात चार दिवस पाऊस हटलेला नसतो. अशा दिवसांत कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की आधी एकच गोष्ट विचारतो, "पाणी किती फुटांवर गेलं?" चहाच्या गाड्यावर, एस.टी. स्टँडवर, भाजी मंडईत, आजारी माणसाच्या उशाशीसुद्धा. आणि उत्तर देणारा कधीही "बरंच वाढलंय" असं मोघम बोलत नाही. तो फूट आणि इंच सांगतो. "सकाळी सातला अडतीस फूट चार इंच होतं, आता एकोणचाळीसला टेकलंय."

हा आकडा कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचा असतो. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची पातळी 43 फूट. या दोन संख्या कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. जिल्हा प्रशासनाकडून पावसाळ्यात दिवसातून अनेकदा चार-सहा ओळींचं निवेदन निघतं: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, पाण्याखाली गेलेले बंधारे, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कुठल्या धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे. ते वाचून आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीतला शेतकरी जनावरं सोडायला घेतो, सुतारवाड्यातली कुटुंबं भांडीकुंडी बांधतात, शाहूपुरी कुंभार गल्लीतला मूर्तिकार गणपती वरच्या फळीवर चढवतो.

या पुस्तकात आतापर्यंत आपण काम आखायचं कसं हे पाहिलं. आता प्रश्न असा की आखलेलं काम चालू झाल्यावर ते खरोखर कुठवर आलं हे कळायचं कसं, आणि ते दुसऱ्याला सांगायचं कसं? व्यवस्थापनाच्या जाडजूड ग्रंथांत याला प्रगतीचं संनियंत्रण आणि अहवाल म्हणतात. मला मात्र या विषयाचा सगळ्यात चांगला धडा पंचगंगेच्या त्या मोजपट्टीवर लिहिलेला दिसतो.

का, ते नीट पाहू. पहिली गोष्ट, मोजायची जागा ठरलेली आहे. आज राजाराम बंधारा, उद्या शिवाजी पूल असं होत नाही. त्यामुळे 2005 च्या पुराशी 2019 च्या पुराची आणि 2019 शी 2021 ची तुलना करता येते. 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं होतं, 2021 मध्ये 56 फूट 3 इंचांवर. आठ इंचांचा हा फरक ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना भिंतीवरच्या ओलीवरून दाखवता येतो. दुसरी गोष्ट, धोका कशाला म्हणायचं हे पूर यायच्या आधी ठरलेलं आहे. पाणी चढल्यावर बैठक घेऊन "43 ला धोका म्हणावं की 45 ला" अशी चर्चा होत नाही. तिसरी, नुसता आकडा कुणी सांगत नाही. पाणी चढतंय की ओसरतंय, तासाला किती इंचांनी, हेही त्यासोबत येतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक आकड्याला कुणाचं तरी काम बांधलेलं आहे. 39 ला कुणी सावध व्हायचं, 43 ला कुणी घर सोडायचं, हे माहीत असतं. आकडा वाचून कुणालाच काही करायचं नसेल, तर तो कळवण्यात काय अर्थ?

आता याच शहरातलं एक मोठं बांधकाम घेऊ.

कोल्हापूरला काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी आणावं ही अनेक दशकांची मागणी होती. पंचगंगेचं प्रदूषण वाढत गेलं तशी ती आणखी तीव्र झाली, मोर्चे निघाले, निवडणुका त्या विषयावर लढल्या गेल्या. 2013 च्या अखेरीस केंद्राच्या नागरी पायाभूत सुविधांच्या योजनेतून प्रकल्पाला मंजुरी मिळाली. खर्चाची वाटणी अशी: 80 टक्के केंद्र, 10 टक्के राज्य, 10 टक्के महापालिका. मंजुरीचा आकडा सव्वाचारशे कोटींच्या आसपास होता, पुढे तो पावणेपाचशे कोटींच्या वर गेला. 2014 मध्ये कामाचा आदेश निघाला. तीन वर्षांच्या आत पाणी यायचं होतं. पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते प्रत्यक्षात पोहोचलं 2023 च्या दिवाळीत.

मधल्या नऊ वर्षांत काय झालं याचे राजकीय हिशेब शहरानं भरपूर मांडले आहेत. ते मला इथे मांडायचे नाहीत. मला त्या नऊ वर्षांतल्या बातम्यांकडे प्रगती-अहवाल म्हणून पाहायचं आहे. कारण या काळात शहराला माहिती मिळत नव्हती असं अजिबात नाही. आढावा बैठका होत होत्या, पाहणी दौरे होत होते, टक्केवारी छापून येत होती. तरीही "पाणी कधी येणार?" या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाला देता येत नव्हतं. इतके आकडे हाताशी असताना असं का व्हावं?

प्रकल्पाचे भाग डोळ्यांपुढे आणा. सुमारे 53 किलोमीटर लांबीची, 1800 मिलिमीटर व्यासाची पोलादी वाहिनी. एका नळात उंच माणूस वाकून चालेल एवढी. काळम्मावाडीच्या जलाशयात खोल जॅकवेल, म्हणजे पंपांनी पाणी उचलायची विहीर, तिच्याकडे पाणी आणणारी व्यवस्था, पंप, पंपांना लागणारी स्वतंत्र वीजवाहिनी, आणि शहराच्या टोकाला पुईखडीचं शुद्धीकरण केंद्र. यात सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत जास्त पैसे खाणारा भाग म्हणजे नळ. रस्त्याकडेला एकापुढे एक मांडलेले ते अजस्र नळ पाहून कुणालाही वाटावं की काम जोरात आहे. खरोखरच ते काम पुढे सरकत होतं. कुठे वनखात्याची परवानगी अडली, कुठे रस्त्याची, सोळांकूरसारख्या गावात ग्रामस्थांचा विरोध झाला, तरी किलोमीटर वाढत राहिले. मागे राहिली ती जॅकवेल.

जॅकवेलचं काम धरणाच्या पोटात होतं, आणि तिथलं कॅलेंडर ठेकेदाराच्या हातात नसतं. पावसाळ्यात जलाशय भरतो. हिवाळाभर पाणी शेतीला सोडत सोडत पातळी उतरते. तळाशी जाऊन खोदाई आणि काँक्रीट करता येईल अशी मोकळीक मिळते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. कॉफर डॅम म्हणजे तात्पुरता बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी ठरलेल्या उंचीपर्यंत काम वर काढायचं. राधानगरी तालुक्यातला पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला या घाईचा अर्थ सांगावा लागणार नाही. इथे एप्रिलमध्ये महिनाभर उशीर झाला तर काम महिनाभरानं पुढे जात नाही. खड्डा पाण्यानं भरतो आणि काम सरळ पुढच्या उन्हाळ्यात जातं. तीस दिवसांच्या उशिराची किंमत वर्षभर असते.

आणि अहवालात काय दिसतं? एकूण प्रगतीची टक्केवारी. नळांचा वाटा मोठा असल्यामुळे ती चढीच राहते. जॅकवेलचा वाटा किमतीनं लहान असल्यामुळे ती रखडली तरी टक्केवारीला धक्का बसत नाही. काम नव्वदीत गेलं, पण त्या नव्वद टक्क्यांतून पाण्याचा एक थेंब येत नाही, कारण वाहिनीला तोंडच नाही.

म्हणून मी आता कुठल्याही प्रकल्पाची टक्केवारी ऐकली की आधी एक गोष्ट पाहतो: हे काम धरणासारखं आहे, रेल्वेसारखं आहे, की नळासारखं?

धरण म्हणजे काय ते राधानगरीकडूनच शिकावं. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले होते, तिथली पाण्याची कामं त्यांनी पाहिली होती. भोगावतीवर धरण बांधायचा निर्णय त्यानंतरचा. 1909 मध्ये बांधकाम सुरू झालं. 1918 च्या सुमारास भिंत 40 फुटांपर्यंत आली आणि पैशाअभावी काम थांबलं. महायुद्धानं महागाई वाढवली होती, संस्थान लहान होतं. महाराज 1922 मध्ये गेले, आणि पूर्ण उंचीचं धरण त्यांना पाहायला मिळालं नाही. ते पूर्ण झालं पुढे अनेक वर्षांनी, 1950 च्या दशकात. पण 40 फूट भिंतीमागे 40 फुटांचं पाणी साठत होतं! अर्ध्या धरणाचा शेतीला उपयोग होता. अशा कामात टक्केवारीला थोडाफार अर्थ असतो. थोडाफार म्हणतो, कारण दरी वर रुंदावत जाते आणि भिंतीचा वरचा प्रत्येक फूट खालच्या फुटापेक्षा जास्त पाणी धरतो. तरी थांबलेल्या कामाचं फळ शून्य नसतं. लहान संस्थानाच्या राजानं थांबलं तरी उपयोगी पडेल असं काम हाती घेतलं, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं.

रेल्वेचं उदाहरण आपल्या घाटाखालचंच आहे. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे 740 किलोमीटर. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळं कामाच्या जागी लावायची त्यांची पद्धत पुढे दिल्ली मेट्रोतही गाजली. त्या घड्याळांत एक मर्म आहे. किती झालं हे ती सांगतच नाहीत, किती उरलं तेवढंच सांगतात. 1993 मध्ये उत्तरेला रोहा-वीर आणि दक्षिणेला उडुपीपर्यंतचा तुकडा वाहतुकीला खुला झाला. तुकडा पूर्ण झाला की तो कामाला येतो, हे रेल्वेचं वैशिष्ट्य. मात्र मुंबईची गाडी सरळ मंगळूरला जायची तर सगळे तुकडे जोडले जायला हवेत, आणि इथे गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं सगळ्यांना रोखून धरलं. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण काळ्या पाषाणातून पार झाला. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा भुसभुशीत, पाणी धरणाऱ्या मातीत पुन्हा पुन्हा कोसळत राहिला. त्यात माणसंही गेली. जानेवारी 1998 मध्ये अखेर पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. लांबीच्या हिशेबानं पेडणे म्हणजे एकूण मार्गाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण 740 किलोमीटरच्या मार्गाची तारीख त्या दीड किलोमीटरवर अडून होती.

आणि नळ म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. पूल, लिफ्ट, वीजवाहिनी, रुग्णालयाचं शस्त्रक्रियागृह, संगणक प्रणाली ही सगळी नळाच्या जातीची कामं. इथे किती टक्के झालं यापेक्षा कोणता दुवा सगळ्यात मागे आहे आणि तो कधी जुळेल हे विचारायला हवं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतल्या आणि नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या लोकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याच विचारावर आधारलेल्या पद्धती बसवल्या. हजारो कामांच्या जाळ्यातून सर्वांत लांबची साखळी शोधायची आणि लक्ष तिच्यावर ठेवायचं. त्या साखळीतलं काम दिवसभर रखडलं की प्रकल्प दिवसभर रखडतो, बाकीची कामं कितीही वेगात असोत. जॅकवेल ही थेट पाईपलाईनची तशी साखळी होती. अहवालाच्या पहिल्या ओळीत तिची उंची फुटांत आली असती आणि शेजारी "15 जूनपूर्वी हवी असलेली उंची" असा एक आकडा असता, तर शहरानं तो राजाराम बंधाऱ्यासारखा रोज वाचला असता. कोल्हापूरकरांना फुटांची भाषा शिकवावी लागत नाही.

आता "झालं" या शब्दाकडे येऊ. प्रगती-अहवालातला हा सर्वांत फसवा शब्द आहे.

समजा एखाद्या पाणीयोजनेच्या अहवालात लिहिलं आहे, "40 किलोमीटर वाहिनी झाली." म्हणजे नेमकं काय झालं? नळ कारखान्यातून आले? चराकडेला उतरवले? चरात ठेवले? एकमेकांना वेल्ड केले? सांध्यांची तपासणी झाली? आत पाणी भरून दाबाची चाचणी घेतली? चर बुजवून रस्ता पूर्ववत केला? या प्रत्येक पायरीला साइटवरचा कुणी ना कुणी "झालं" म्हणतो आणि प्रत्येक जण आपल्या जागी खरंच बोलत असतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी अहवाल खोटा होतो. यावर उपाय एकच आहे, आणि तो काम सुरू व्हायच्या आधी करावा लागतो: कुठल्या पायरीला किती श्रेय द्यायचं हे लिहून ठेवायचं. काही ठिकाणी कडक नियम असतो, चाचणी होईपर्यंत शून्य. काही ठिकाणी चरात बसवल्यावर निम्मं आणि चाचणीनंतर निम्मं. कोणता नियम घ्यावा यावर वाद होऊ शकतो. माझं मत कडक नियमाच्या बाजूचं आहे, कारण सैल नियमाची किंमत शेवटच्या वर्षात मोजावी लागते.

आपल्याकडच्या सरकारी बांधकामात या कामासाठी एक जुनी, अतिशय चांगली वस्तू आहे, मोजमाप पुस्तक. साइटवर सगळे तिला एम.बी. म्हणतात. कनिष्ठ अभियंत्यानं जागेवर जाऊन टेप लावायची, लांबी-रुंदी-खोली लिहायची, वरच्या अभियंत्यानं ती पडताळायची आणि मगच ठेकेदाराचं चालू बिल निघायचं. तिचा खरा कस लागतो तो झाकल्या जाणाऱ्या कामांत. पाया, सळई, नळाखालचं बेडिंग. काँक्रीट पडल्यावर आत किती सळई आहे हे कुणालाही दिसत नाही, म्हणून ती आधी मोजावी लागते. ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना हे चांगलं ठाऊक असेल. स्लॅब पडायच्या आदल्या संध्याकाळी मालकानं सळईवर उभं राहून अंतर मोजलं तर मोजलं, एकदा स्लॅब पडला की फक्त विश्वास उरतो.

मोजमाप पुस्तकाचं दुखणं असं की ते बिलासाठी लिहिलं जातं. महिन्याचा प्रगती अहवाल बहुधा त्यातूनच उतरतो आणि म्हणून त्यात दोन रकाने मोठे असतात: भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती. यातला दुसरा रकाना वाचताना फार सांभाळावं लागतं. एक लहानसं उदाहरण घेऊ. शेताच्या बांधाला 100 फूट दगडी कुंपण घालायचं आहे. फुटाला हजार रुपये, एकूण एक लाख, मुदत दहा दिवस. पाच दिवस झाले. मुकादम सांगतो, "मालक, निम्मे दिवस झाले, निम्मे पैसे गेले, सगळं बरोबर चाललंय." ऐकायला ठीक वाटतं. तुम्ही जाऊन पावलं टाकलीत तर कुंपण 40 फूटच आहे. म्हणजे आजवर 50 हजारांचं काम व्हायला हवं होतं, झालं आहे 40 हजारांचं, आणि खिशातून गेले आहेत 50 हजार. याच चालीनं गेलं तर एक लाखाचं कुंपण सव्वा लाखाला पडेल आणि दहा दिवसांचं काम साडेबारा दिवस घेईल. ठरलेलं, झालेलं आणि खर्चलेलं असे तीन आकडे शेजारी मांडले की गोष्ट उघडी पडते. दोनच मांडले तर ती झाकली जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं 1967 मध्ये आपल्या मोठ्या ठेकेदारांना अशा तिहेरी हिशेबाची सक्ती केली. आज जगभर ही पद्धत शिकवली जाते. पाचव्या दिवशी कळलं तर काही करता येतं, नवव्या दिवशी कळून फारसा उपयोग नसतो. मात्र जॅकवेलचा धडा इथेही विसरू नये: 99 फूट कुंपण झालं आणि एक फुटाचं फाटक राहिलं, तर जनावरं आत येणारच.

साध्या, रोजच्या अहवालाचा आणखी एक नमुना आपल्या जिल्ह्यात हंगामभर डोळ्यांसमोर असतो. साखर कारखान्याच्या दारातला फळा. आजचं गाळप, आजअखेर गाळप, साखर पोती, साखर उतारा. "आजअखेर" हा शब्द मला फार आवडतो. आजचा आकडा आणि आजवरचा आकडा शेजारी असले की यंत्र मधे बंद पडलं होतं का, उतारा घसरतोय का, हे शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. तरी त्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न फळ्यावर नसतो. "माझी तोड कधी?" तो प्रश्न उरलेल्या उसाचा आहे. नोंद झालेला ऊस किती, तुटला किती, फडात उभा किती आणि रोजचं गाळप किती, एवढ्यावरून उत्तर काढता येतं. ज्या कामाचा अहवाल असेल तिथे हा शोध घ्यावा: वाचणाऱ्याची तोड कोणती? शहराला पाणी कधी येणार हे हवं असतं. बँकेला पुढचा हप्ता द्यावा का हे हवं असतं. रस्त्याकडेच्या दुकानदाराला आपल्या दारातला चर कधी बुजणार हे हवं असतं. सगळ्यांना एकच तक्ता दिला तर तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

राहिला सर्वांत अवघड भाग, वाईट बातमी वर कशी जाते. किंवा जात नाही.

साइटवरच्या तरुण अभियंत्याला मार्चमध्येच दिसत असतं की जूनपूर्वी ठरलेली उंची गाठणं शक्य नाही. तो वरिष्ठांना सांगतो, "थोडं अवघड दिसतंय." वरिष्ठ पुढे सांगतात, "अडचणी आहेत, पण प्रयत्न चालू आहेत." त्यापुढच्या कागदावर "काम प्रगतिपथावर" असं येतं, आणि वर्तमानपत्रात "अंतिम टप्प्यात". चार पायऱ्यांत एका स्पष्ट बातमीची वाफ होते. या माणसांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. आपल्या आढावा बैठकांत उशीर सांगणाऱ्याला उभं करून बोलणी बसतात आणि "होईल साहेब" म्हणणारा खाली बसतो. अशा खोलीत खरं बोलायला जे धैर्य लागतं, ते पगारात धरलेलं नसतं.

म्हणून धैर्यावर अवलंबून राहायचंच नाही, अशी व्यवस्था हवी. राधानगरीकडे पुन्हा एकदा पाहा. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी 347.50 फुटांवर पोहोचलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत जातं. मध्यरात्र असो, साहेब रजेवर असोत, दरवाजाला कुणाची परवानगी लागत नाही, आणि उघडला म्हणून त्याला कुणी रागावत नाही. प्रकल्पांत असे दरवाजे बसवता येतात. काम सुरू होतानाच लिहून ठेवायचं: 31 मार्चला जॅकवेल अमुक फुटांखाली असेल तर त्याच दिवशी आयुक्तांच्या टेबलावर लेखी सूचना जाईल आणि दुसरी पाळी सुरू होईल. 30 एप्रिलला तमुक फुटांखाली असेल तर शहराला जाहीरपणे सांगितलं जाईल की यंदा पाणी येणार नाही. मग अभियंत्याला वाईट बातमी सांगायची नसते, फक्त पट्टी वाचायची असते. इशारा पातळी आणि धोक्याची पातळी आधीच ठरवून ठेवण्यानं पुरात माणसं वाचतात. प्रकल्पांत वर्षं वाचतील.

पूर्ण झाल्याचा नारळ फुटल्यावर मोजपट्टी काढून घ्यायची नसते, हेही थेट पाईपलाईननं शिकवलं. पाणी आल्यानंतरही गळती आणि पंप-विजेच्या बिघाडांमुळे शहराचा पुरवठा अधूनमधून विस्कळीत झाला. चालू योजनेचाही रोजचा एक आकडा असायला हवा: आज किती तास पंप चालले, किती पाणी पुईखडीला पोहोचलं. तो महापालिकेच्या दारात कारखान्याच्या फळ्यासारखा लिहिलेला मला पाहायचा आहे.

तोवर आपल्याला काय करता येईल? बरंच काही. तुमच्या गल्लीत, तालुक्यात नवं काम सुरू झालं की तिथे फलक लागतो: कामाचं नाव, रक्कम, सुरू झाल्याची तारीख, मुदत. त्याचा फोटो काढून ठेवा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं तुम्हाला फक्त कागद मागण्याचा हक्क दिलेला नाही. कलम 2 मधल्या व्याख्येत कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही आहे. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे. मोजमाप पुस्तकाची प्रत मागा, महिन्याचे प्रगती अहवाल मागा, आणि अर्जात "किती टक्के काम झालं?" असं विचारू नका. सगळ्यात मागे असलेलं काम कोणतं, ते आज कुठवर आलं आहे आणि मुदतीत व्हायचं तर आज कुठवर असायला हवं होतं, एवढं विचारा. उत्तर फुटांत मागा.